फवारणी पंपाची बॅटरी आणि माझी टगबोट

मेहरूण तलावावर फिरायला येणारे आता मला नमस्कार करतात. फेब्रुवारीत मात्र त्यांनी मला बोटीतून धूर काढताना पाहिलं होतं.

भाऊच्या धक्क्यावर एकदा टगबोट पाहिली होती. एवढीशी, पण भल्या मोठ्या जहाजाला ओढून नेणारी. तेव्हापासून डोक्यात होतं. जळगावात समुद्र नाही म्हणून काय झालं? पीव्हीसी फोम शीट कापून रिमोटवर चालणारी ऐंशी सेंटीमीटरची बोट उभी केली. हे काम दीड महिन्यात उरकलं. पुढचे पाच महिने मोटर आणि बॅटरीनं खाल्ले.

मी सुरुवात चुकीच्या टोकाने केली. आधी बॅटरी आणली, कारण ती फुकट मिळत होती. अमळनेर तालुक्यात माझा चुलतभाऊ आहे, आम्ही त्याला आबा म्हणतो. त्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपात 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासांची लेड अ‍ॅसिड बॅटरी असते. हंगाम संपला की फवारणी नसते, म्हणून ती उचलून आणली. मग मोटर घेतली 775 नंबरची. दुकानदार म्हणाला, "बारा हजार आरपीएम आहे, उडेल तुमची बोट." टग उडवायची नसते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पंखा लावला 50 मिलिमीटरचा, तीन पात्यांचा, पितळी. दिसायला झकास. आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणारा 20 अँपिअरचा स्पीड कंट्रोलर.

पाण्यात सोडली, रिमोटचा लीव्हर पूर्ण पुढे केला. दहा मीटर गेली नसेल तोच केबिनमधून धूर. कंट्रोलर जळाला. मोटरला हात लावला तर चटका बसला.

नंतर वाचून कळलं ते असं. पंख्याचा वेग दुप्पट केला तर त्याला लागणारी ताकद साधारण आठपट होते. व्यास वाढवला तर भूक त्याहूनही झपाट्यानं वाढते. मोकळ्या हवेत मिनिटाला बारा हजार फेरे मारणारी मोटर एवढा पंखा पाण्यात फिरवूच शकत नव्हती. ती जवळजवळ अडून बसली होती, आणि अडलेली मोटर वाटेल तेवढा करंट ओढते.

मग मोजायचं ठरवलं. मल्टीमीटर जोडला, त्याचा 10 अँपिअरचा फ्यूज उडाला. शेजारच्या वायरमनचा क्लॅम्प मीटर मागून आणला, तो शून्यच दाखवत राहिला. अर्धा तास वायरी तपासल्यावर त्यानंच सांगितलं, "काका, हा फक्त एसी मोजतो." शेवटी बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये लावायचा डीसी वॉटमीटर मागवला. या सगळ्या खटाटोपात सर्वांत वसूल झालेली वस्तू तीच.

अंगणातल्या हौदात बोट दोरीनं बांधून मोजणी सुरू केली. बांधलेल्या बोटीत करंट चालत्या बोटीपेक्षा जास्त दिसतो, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षित बाजूला. पहिला शोध लाजिरवाणा होता. पंखा काढून मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा नुसता दांडा फिरवला तरी 3 अँपिअर! मोटर आणि दांडा एका रेषेत नव्हते. मोटरखाली पत्र्याच्या चकत्या घालून रेष जुळवली, दांड्याच्या नळीत ग्रीस भरलं, तर करंट निम्म्यावर आला. बाजारात जाण्याआधी हे केलं असतं तर!

आता बॅटरी. आबाची बॅटरी नुसती ठेवली की 12.6 व्होल्ट, लोड दिला की दहाच्या खाली. लेड अ‍ॅसिडवर लिहिलेले 8 अँपिअर-तास हे वीस तासांच्या हिशोबाचे असतात, म्हणजे 0.4 अँपिअरनं सावकाश वापरली तर. दहा अँपिअर मागितले तर त्यातले बरेचसे हाती लागतच नाहीत. त्यात ही हंगाम संपल्यावर उतरलेलीच पडून होती, प्लेटांवर सल्फेट धरलेलं.

मी वैतागून लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी घेतली. तीन सेल, 11.1 व्होल्ट, 5000 एमएएच म्हणजे 5 अँपिअर-तास, वजन जेमतेम चारशे ग्रॅम. बाजारात 9900 एमएएच छापलेले स्वस्त 18650 आकाराचे सुटे लिथियम सेलही दाखवले होते, ते घेतले नाहीत. त्या आकारात चांगल्या कंपनीच्या सेललाही साडेतीन हजारांच्या आसपासच जमतं. लिपोचे नखरे मात्र फार. सेल 3 व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, ठेवताना 3.8 वर ठेवायचा, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरशिवाय चार्ज करायचा नाही, आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही. जळगावच्या मे महिन्यात ती बंद गाडीत विसरणं म्हणजे आगीला आमंत्रण. मी ती मातीच्या माठात ठेवायचो. बायको म्हणाली, पाणी प्यायचं सोडून आता बॅटऱ्या पिणार का?

आणि गंमत पाहा. लिपो घातल्यावर बोट इतकी वर आली की पंख्याचं वरचं पातं हवेत. फेस उडायचा, बोट जागची हलेना. बोट पाण्यात नीट बसवायला मला आत दोन किलो वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागल्या. म्हणजे हलकी बॅटरी महाग घ्यायची आणि वर वाळू वाहायची! वेगाच्या बोटीला लिपोच हवी, पण टगला वजन लागतंच. मग ते वीज देणारं का नसावं?

तिथं गाडी रुळावर आली. पंखा तोच ठेवला, मोटर बदलली. त्याच आकाराची, पण 12 व्होल्टवर चार हजार आरपीएमची. करंट पूर्ण लीव्हरवर साडेचार अँपिअर. नवी 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची लेड अ‍ॅसिड बॅटरी बरोबर मध्यावर, अगदी तळाशी. सकाळची पूर्ण फेरी होते आणि मोटर कोमटसुद्धा होत नाही. नव्या कंट्रोलरला रिव्हर्स आहे ना, हे मात्र विचारून घ्या. माझ्या दुसऱ्या कंट्रोलरला नव्हतं. बोट शेवाळात अडकली आणि ट्यूबवर बसून मासे धरणाऱ्या पोराला पन्नास रुपये देऊन सोडवून आणावी लागली.

लिपो भाच्याच्या स्पीडबोटीत गेली.

जुलैत कपाशीवर फवारणी निघाली, तशी आबाने बॅटरी परत मागितली. मी ती वॉटमीटर लावून दाखवली, आकडा घसरताना दिसला. तो बघतच राहिला. "म्हंजे पंप नही, बॅटरीच खराब शे?" गेल्या वर्षी त्यानं पंप बिघडला म्हणून नवी मोटर टाकली होती. वॉटमीटर तो घेऊन गेला, अजून परत आलेला नाही.