आमच्या गल्लीचा रस्ता कधी होणार?

"साहेब, शेजारच्या कॉलनीचा रस्ता झाला. आमचा नंबर कधी लागायचा?"

छत्रपती संभाजीनगरात ओळखीचं कुणी भेटलं की चहा यायच्या आत हा प्रश्न येतो. नोकरी रस्त्यांच्या कामांवर गेली, त्यामुळे मला विचारणं साहजिक आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पैशाचं. रस्ता नव्याने करायला लागणारा पैसा महापालिकेकडे स्वतःचा असा फारसा उरत नाही. पूर्वी जकात होती, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यापासून त्याऐवजी राज्याकडून दरमहा भरपाई मिळते. ती वर्षाला ८ टक्क्यांनी वाढते, शहर किती पसरलं हे ती पाहत नाही. त्यातून पगार, पेन्शन आणि जायकवाडी धरणातून पाणी उपसून आणायचं वीजबिल भागवायचं. राहिलेल्या पैशात पॅचवर्क, म्हणजे खड्डे बुजवणं, होतं. म्हणून गेल्या काही वर्षांतले मोठे रस्ते बाहेरच्या निधीतून झाले: राज्याचे १०० कोटी, पुढे १५२ कोटी, मग स्मार्ट सिटीतून ३१७ कोटींची कामं. असा निधी आला की यादीत वर्दळीचे मुख्य रस्ते बसतात, आणि ते मला योग्यच वाटतं. गल्लीच्या वाट्याला वॉर्डाचा निधी, आमदार निधी असे तुकडे येतात.

अंदाजपत्रकात गल्लीचं नाव छापून आलं की लोक पेढे वाटतात. मला तेव्हा फार वाईट वाटतं. वसुली होणार नाही हे माहीत असताना उत्पन्नाचा आकडा वाढवून धरला जातो, त्या जोरावर कामं मंजूर होतात आणि मार्चअखेर बिलं थकतात. मग ती कामं 'स्पिलओव्हर' म्हणून पुढच्या वर्षात जातात आणि नव्या वर्षातली पहिली रक्कम जुनी देणी खातात. ठेकेदार हे ओळखून असतात. कुणी निविदाच भरत नाही, कुणी भरलीच तर उशिरा मिळणाऱ्या पैशाचं व्याज दरात धरून भरतो. तोच रस्ता शहराला महाग पडतो.

पैसा खरोखर आला तरी मी आधी एक गोष्ट बघतो, रस्त्याखाली काय आहे ते. जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जलवाहिन्यांवर तहान भागेना, म्हणून पैठण रस्त्याने २५०० मिलिमीटरची नवी वाहिनी टाकायचं काम निघालं. तेवढ्यावर भागत नाही, शहरभर गल्लोगल्ली वितरणाच्या वाहिन्याही बदलाव्या लागतात. अशा वेळी गल्लीत सिमेंटचा रस्ता घाईने ओतणं म्हणजे तो फोडायची तयारी करणं. ड्रेनेज टाकून झालेलं असावं, जलवाहिनीची दाबाची चाचणी झालेली असावी, प्रत्येक घराची जोडणी ओट्यापर्यंत आलेली असावी, मगच रस्ता. हे सांगितलं की बायाबापड्या चिडतात, "तोवर आमच्या लेकरांनी चिखलातूनच शाळेत जायचं का?" त्यांचं खरं आहे. म्हणून मधल्या काळासाठी मुरूम टाकून रोलिंग करून मागा. खर्च कमी, आणि दोन पावसाळे निघतात.

दुसरी अडचण जमिनीची. शहरालगतच्या सातारा-देवळाई भागातल्या किंवा गुंठेवारीतल्या, म्हणजे शेताचे गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट पाडून विनापरवाना वसलेल्या, कितीतरी वसाहती काल-परवापर्यंत शेतं होती. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती काढून चांगला मुरूम भरून दाबल्याशिवाय वर कितीही चांगलं काँक्रीट ओता, ते तडकणारच. पण पैसे कमी पडले की अंदाजपत्रकातून पहिल्यांदा हाच थर उडतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत तो दिसत नाही. तसंच जुना रस्ता न खोदता त्यावर नवा थर दिला की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं. लेव्हल ठरवताना गल्लीतल्या चार माणसांनी तिथे उभं राहायलाच हवं.

मराठवाड्यात आणखी एक बघावं लागतं, काम कोणत्या महिन्यात निघतं ते. मंजुरी मार्चमध्ये मिळते, काम एप्रिल-मेमध्ये सुरू होतं. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात आणि सुरुवातीचे आठवडे ते सतत ओलं ठेवावं लागतं. घरच्या नळाला आठवड्याने पाणी येतं, तेव्हा रस्त्यावर गोणपाट भिजवायला टँकर कोण देणार? दिवाळी ते जानेवारी हाच खरा हंगाम. कार्यारंभ आदेश त्या बेताने निघावेत, यासाठी मी वर्षानुवर्षं भांडलो.

आता तुमच्या गल्लीचं. तुमची घरं गुंठेवारीतली, २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली शुल्क भरून नियमित झालेली. विकासासाठी घेतलेलं ते शुल्क त्याच वसाहतीच्या सोयींवर खर्चायचं, असं तो कायदा सांगतो. तेव्हा वॉर्ड कार्यालयात जाऊन रस्ता कधी होणार हे विचारण्याआधी, आमच्या वसाहतीचं किती शुल्क जमा झालं आणि त्यातलं किती कशावर खर्च झालं, हे लेखी मागा. अर्जावर सगळ्या घरांच्या सह्या घ्या. ड्रेनेजच्या आणि नळाच्या कामाची सद्यस्थितीही त्याच अर्जात विचारा. उत्तर आलं की मला दाखवा, पुढचा अर्ज आपण बसून लिहू.