तुम्ही विचारलेत म्हणून: इनामगावकरांनी ज्वारी सोडून सातू का पेरला?

इनामगावच्या उत्खननाविषयी कुठेही बोलले, की श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ज्या शिरूर तालुक्यात आज ज्वारी-बाजरीच्या भाकरीशिवाय जेवण पुरे होत नाही, तिथल्या तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याने ज्वारी सोडून सातू, म्हणजे जव, का पेरला? प्रश्न रास्त आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे या शेतकऱ्यासमोर ज्वारी आणि सातू असे दोन पर्याय होते हे. जुन्या धान्यावर काम करणाऱ्या माणसाला नेमके इथेच थांबावे लागते, कारण पुढ्यात नसलेले पीक कोणी नाकारू शकत नाही.

घोड नदीच्या काठावरील इनामगावच्या पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाचे, उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही या कामातली प्रमुख नावे. इ.स.पू. सुमारे 1600 ते 700 अशी जवळजवळ नऊशे वर्षांची वस्ती तिथे थरांवर थर साचलेली मिळाली: आधी माळवा संस्कृतीची, मग जोर्वे गावावरून नाव पडलेल्या संस्कृतीची, तिचा आधीचा टप्पा तो पूर्व जोर्वे आणि नंतरचा तो उत्तर जोर्वे. या थरांतील जळक्या दाण्यांत सातू प्रमुख आहे. त्याच्या जोडीला गहू आहे, मसूर, लाख (लाखोळी डाळ), वाटाणा आणि कुळीथ आहेत, आणि रानातून आणलेल्या बोरांच्या आठळ्याही आहेत.

एवढी वर्षे दाणा टिकतो कसा, हेही इथेच सांगते, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. धान्य मातीत तसेच पडले तर ते कुजते किंवा किडे खातात. पण चुलीपाशी भाजताना सांडलेला किंवा आगीत सापडलेला दाणा पुरेशा हवेअभावी राख न होता कोळसा होतो, आणि कोळशाला कीड लागत नाही. उत्खननातली माती पाण्यात कालवली की हे हलके दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरून सावलीत वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेगळा करायचा. सातूचा दाणा दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि टरफल घट्ट चिकटलेले असल्यामुळे त्याच्या अंगावर लांबट कडा उमटलेल्या दिसतात. गव्हाचा दाणा त्यामानाने फुगीर, पाठीवर उंचवटा असलेला. सातूचे दाणे अजून नीट पाहिले तर काही सरळ तर काही एका बाजूला किंचित पिळवटलेले आढळतात. सहा ओळींच्या कणसात मधला दाणा सरळ वाढतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दाटीमुळे पिळवटतात. म्हणून पिळवटलेले दाणे सरळ दाण्यांच्या साधारण दुप्पट भरले, तर शेतात सहा ओळींचा सातू उभा होता असे म्हणता येते. करंगळीच्या नखावर मावणाऱ्या कोळशातून शेतातले वाण कळावे, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

तरीही सावध राहावेच लागते. आपल्याला मिळते ते जळालेले अन्न, खाल्लेले नव्हे. टरफल काढण्यासाठी ज्या धान्याला भाजणीची आच द्यावी लागते, त्याचे दाणे चुलीत अधिक सांडतात; पाण्यात शिजणारी डाळ आगीपर्यंत क्वचितच पोहोचते, आणि पालेभाजी व कंदमुळे तर मागे जवळजवळ काहीच ठेवत नाहीत. शिवाय शेणाच्या गोवऱ्या जाळल्या असतील तर गुरांनी चरलेल्या गवताचे बी माणसाच्या धान्यात मिसळते. त्यामुळे एका खड्ड्यातल्या मूठभर सातूवरून मी कधीच काही बोलत नाही. निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या थरांत तेच पीक पुन्हापुन्हा दिसले, तरच त्याला निवड म्हणायचे.

आता ज्वारीकडे येते. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही मूळची आफ्रिकेतली. ती तिथे लागवडीखाली आली आणि नंतर इकडे पोहोचली. दख्खनच्या ताटातले त्यांचे आजचे स्थान पुढच्या काळाने दिलेले आहे. जुन्या उत्खननांच्या अहवालांत त्यांच्या कितीतरी आधीच्या नोंदी आढळतात, परंतु त्यांतल्या अनेक फेरतपासणीत टिकल्या नाहीत. नाचणी म्हणून नोंदलेले दाणे पुष्कळदा सोललेल्या देशी बारीक तृणधान्याचे निघाले. दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, वरच्या थरातला दाणा भेगेतून खाली जातो, पाऊस पडला की भेग मिटते आणि नवा दाणा जुन्या थरात गाडला जातो. अशा ठिकाणी थराचे वय हे दाण्याचे वय धरता येत नाही. त्या एका दाण्याचेच कार्बन कालमापन करावे लागते, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून त्याचे वय काढावे लागते. ज्वारीच्या प्राचीनत्वाचा दावा कोणी केला, की मी आधी एवढेच विचारते: दाणा स्वतः मोजला आहे का?

मग इनामगावच्या शेतकऱ्याची खरी निवड कोणती? माझ्या मते ती गहू आणि सातू यांच्यातली आहे. ही दोन्ही पश्चिम आशियात लागवडीखाली आलेली रब्बीची पिके. म्हणजे इथला पावसाळा संपल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर किंवा दिलेल्या पाण्यावर वाढणारी. घोडचे खोरे पर्जन्यछायेतले, पावसाचा भरवसा नाही. सातूला गव्हाहून कमी पाणी लागते, तो लवकर तयार होतो आणि चोपण, म्हणजे क्षारयुक्त, जमिनीतही तग धरतो. पूर्व जोर्वे काळात इनामगावकरांनी पाणी वळवण्यासाठी चर खोदला आणि बांध घातला. हे पाणी गव्हाला दिले जात असावे असे मला वाटते, कारण सातूसाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नव्हती. म्हणजे त्यांना गहू हवा होता, त्यासाठी ते कष्ट घेत होते, आणि तरीही पोटाची हमी त्यांनी सातूवर ठेवली होती. लाख आणि कुळीथ यांची साथही त्याच जातीची आहे. दोन्ही कोरड्यात येणारी. लाखेच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात हे आज आपल्याला ठाऊक आहे, पण दुष्काळी सालात शेतात उभे राहणारे पीक तेच असते.

इ.स.पू. 1000 नंतर, उत्तर जोर्वे काळात, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. हवामान कोरडे होत गेल्याने शेती आक्रसली आणि लोक शिकारीकडे व गुरे राखण्याकडे वळले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. कारणाविषयी अभ्यासकांत वाद होऊ शकतो. पण गव्हाने माघार घेतली आणि सातू मागे उरला, हा क्रम पाण्याच्या हिशेबाशी जुळतो.

खाली कर्नाटकात बल्लारीजवळ संगनकल्लूसारख्या नवाश्मयुगीन वस्त्यांत चित्र निराळे आहे. तिथे मूग आणि कुळीथ ही दोन कडधान्ये, आणि जोडीला दोन देशी तृणधान्ये, एक कन्नड मुलखात आज कोरले म्हणतात ते व दुसरे राळ्याच्या नात्यातले, हा मुख्य आहार होता. ही चारही खरिपाची, पावसावर येणारी. गहू आणि सातू तिथेही पोहोचले, काही ठिकाणी पेरलेही गेले, पण मुख्य पिकांची जागा त्यांना मिळाली नाही. इथे पर्याय खरोखर समोर होता, त्यामुळे ज्वारीऐवजी सातू का असे विचारणाऱ्यांना मी नेहमी सुचवते, की संगनकल्लूच्या लोकांनी सातू हाताशी असताना कुळीथ का धरून ठेवला, हे विचारा; त्या प्रश्नाला दाण्यांत उत्तर सापडते.