तुम्ही विचारलंत म्हणून: पाखरांचा तो खेळ पहिल्याच डावात का अडतो?

विंगस्पॅन हा पक्ष्यांच्या कार्डांचा, पटावरचा खेळ आता बेळगावात बऱ्याच घरांत पोचलाय. पुण्याहून, बंगळूरहून सुट्टीला येणारी पोरं घेऊन येतात. चित्रं बघून घरचे खूश होतात, एका रात्री सगळे बसतात आणि मग मला फोन येतो. प्रश्न ठरलेला: "खेळ सोपा म्हणाला होतात, आमचा पहिल्याच डावात अडला. आमचं चुकतंय कुठं?" त्याच्या मागोमाग दुसरा: "चांगले पक्षी कुठले, तेवढं सांगा." पहिल्याचं उत्तर ऐकून न घेता दुसरा विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

एलिझाबेथ हारग्रेव्हनं रचलेला हा खेळ 2019 साली आला, आणि जर्मनीतलं 'केनरश्पील देस यारेस' हे पारितोषिक त्याला त्याच वर्षी मिळालं. ते पारितोषिक मुरलेल्या खेळाडूंसाठीच्या खेळांना देतात, ल्युडो-सापशिडीच्या घरासाठी नव्हे. सोपा मी म्हणालो ते नियमांबद्दल, आणि नियम सोपेच आहेत. पाळी आली की चारातलं एक काम करायचं: पक्षी पटावर बसवायचा, जंगलाच्या ओळीतून अन्न घ्यायचं, गवताळ ओळीतून अंडी घालायची, नाहीतर पाणथळ ओळीतून कार्डं ओढायची. बस्स. अवघड आहे ती मोजणी. डावात चार फेऱ्या. पहिल्या फेरीत प्रत्येकाला आठ पाळ्या, मग सात, सहा, पाच, कारण प्रत्येक पाळीला एक ठोकळा लागतो आणि दर फेरीअखेर एक ठोकळा उद्दिष्टांच्या पाटीवर अडकतो. एकूण सव्वीस. हा आकडा कुणी विचारतच नाही.

आता तो डाव सांगतो. खानापूरकडचे एक काका, त्यांची वहिनी आणि पुतणी, असे तिघं बसले होते. काका पक्ष्यांतले जाणकार. थंडीत घटप्रभेला, धूपदाळच्या बंधाऱ्यावर, कांड्या करकोचे बघायला लोकांना घेऊन जाणारे. खोक्यात नवशिक्यांसाठी वेगळी कार्डं येतात, पहिल्या चार पाळ्यांत काय करायचं ते लिहिलेल्या पाट्यांसकट. काकांनी ती बाजूला सारली. "दिलेलं कशाला खेळायचं? माझे पक्षी मी निवडतो की."

सुरुवातीला प्रत्येकाला पाच पक्षी आणि पाच प्रकारचं एक एक अन्न मिळतं: किडा, दाणा, फळ, मासा, उंदीर. जितके पक्षी ठेवाल तितकं अन्न परत करायचं. काकांच्या हातात गरुड, घुबड असे एकाहून एक शिकारी आले. त्यांनी पाचही ठेवले आणि पाची अन्नं परत केली. पुतणीनं दोनच ठेवले, एकेका अन्नाचे, दोन-तीन गुणांचे, बघितले तर डोळ्यात न भरणारे. तीन अन्नं हाताशी राहिली.

गरुडाला हवे होते तीन उंदीर. जंगलाची ओळ रिकामी असेल तर एका पाळीत एकच फासा मिळतो. फासे पाच, ते चारापात्रात टाकायचे आणि त्यातून उचलायचे. प्रत्येकाला सहा बाजू: पाच बाजूंवर एक एक अन्न, सहावीवर किडा-किंवा-दाणा. म्हणजे किडा दोन बाजूंवर, दाणा दोन बाजूंवर, उंदीर एकाच. पाची फासे टाकून त्यात एकही उंदीर न येण्याची शक्यता चाळीस टक्के आहे. किडा न येण्याची तेरा टक्के. हे गणित काकांना पहिल्याच पाळीला भेटलं: उंदीर नाही. त्यांनी मासा उचलला. पुतणीनं आपला एका अन्नाचा पक्षी जंगलात बसवला. वहिनींनी एक फासा नेला. काकांची दुसरी पाळी आली तेव्हा आत तीन फासे होते, दोन दाणे आणि एक फळ. दाणा नको म्हणून त्यांनी फळ घेतलं.

इथंच डाव फिरला. आता आत नुसते दोन दाणे उरले. उरलेले सगळे फासे एकाच अन्नाचे असतील, तर घेणाऱ्याला आधी पाची फासे पुन्हा टाकायची मुभा असते. पुतणीनं टाकले. दोन उंदीर आले. एक तिनं घेतला, दुसरा वहिनींनी.

"काका, दाणा उचलला असता तर फासे तसेच राहिले असते बघा."

"अगं पण मला दाणा कशाला? गरुड दाणे खातो काय?"

तिसऱ्या पाळीला किडा, चौथ्या-पाचव्याला कुठं एक एक उंदीर. सहाव्या पाळीला त्यांनी दोन खरे उंदीर आणि तिसऱ्याच्या बदली मासा-फळ अशी जोडी भरून गरुड बसवला, कारण कुठलीही दोन अन्नं दिली की हवं ते एक म्हणून चालतं. सातव्या पाळीला अंडी घातली. गवताळ ओळ दोन अंडी देते, पण त्या गरुडाच्या कार्डावर घरट्याशेजारी एकच अंडं छापलेलं. एक ठेवलं, दुसरं वाया. आठव्या पाळीला पुन्हा अन्न. फेरी संपली. काकांचा पटावर एक पक्षी. पुतणीचे तीन, तिन्ही ओळींत एक एक, वर दोन अंडी आणि हातात ओढलेली कार्डं.

गंमत अशी की गुण मोजले असते तर दोघं जवळपास बरोबरीत होते. एकटा गरुड तिच्या तिघांना भारी. म्हणून काकांना आपलं काही बिघडलंय असं वाटलंच नाही. दुसऱ्या फेरीत कळलं. पुतणी अन्न घ्यायची तेव्हा जंगलातलं तिचं पाखरूही काहीतरी द्यायचं. एक कार्ड टाकून एक अन्न जास्तीही घेता यायचं, कारण ओळीत पक्षी बसला की पुढचं घर उघडतं. काकांच्या जंगलात कुणीच नव्हतं. एका पाळीला एक फासा, तोही बहुतेकदा नको असलेला. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर त्यांनी कार्डं पालथी ठेवली. "रानात गरुड दिसतो तेव्हा छाती भरून येते, आणि हितं त्याला एक उंदीर मिळंना. ह्याला पक्ष्यांचा खेळ म्हणायचं काय?" डाव पुरा केला, पण वहिनी-पुतणी खेळत होत्या आणि काका पाळी भरत होते.

तुमच्याकडं अडतो तो बहुतेक असाच अडतो. म्हणून 'चांगले पक्षी कुठले' ह्याचं उत्तर मी देत नाही. पक्षी बघू नका, ओळ बघा. प्रत्येक ओळीतलं पहिलं घर फुकट असतं. दुसऱ्या-तिसऱ्या घराला एक अंडं, चौथ्या-पाचव्याला दोन अंडी मोजावी लागतात. म्हणजे पहिले तीन पक्षी तीन ओळींत टाकले तर एकही अंडं लागत नाही. जंगलात शून्य पक्षी असताना एक अन्न, दोन असताना दोन, चार असताना तीन. अंडी दोन, तीन, चार अशी चढतात, कार्डं एक, दोन, तीन. मधल्या घरांवर अदलाबदल मिळते: जंगलात कार्ड देऊन अन्न, गवताळात अन्न देऊन अंडं, पाणथळात अंडं देऊन कार्ड. ओळीचा लाभ घेतला की ठोकळा उजवीकडून डावीकडं सरकवत वाटेतल्या प्रत्येक तपकिरी कार्डाची करामत करायची. म्हणून पहिल्या फेरीत बसवलेलं दोन गुणांचं तपकिरी कार्ड शेवटपर्यंत दहाएक वेळा काम देऊ शकतं, आणि चौथ्या फेरीत बसवलेलं तेच कार्ड नुसते दोन गुण.

मूळ खोक्यात 170 पक्षी, सगळे उत्तर अमेरिकेतले. आपल्याकडं दिसणारी काही त्यातही आहेत, गव्हाणी घुबड आहे, बहिरी ससाणा आहे. मोर हवा असेल तर 2022 सालची आशिया आवृत्ती. ती एकटी घेतली तर दोघांपुरतीच, हे घेण्याआधी बघा. पक्षी ओळखता येणं खेळायला लागत नाही. काकांना तर त्याचा तोटाच झाला, असं मी म्हणायचो. पण नंतर वाटलं, ज्याला गरुड बघून काहीच वाटत नाही त्यानं हा खेळ कशाला घ्यावा? गुणच मोजायचे तर पत्ते आहेत की. ह्यावर माझं माझ्याशीच जमत नाही.

कार्डांवरची करामत इंग्रजीत असते. आजीला मराठीच वाचता येतं, नातू कन्नड शाळेतला, अशी आपल्याकडची घरं. अन्न, घरटं, अंडी, ओळ हे सगळं चित्रात आहे, त्याला भाषा लागत नाही. वाचायला लागते ती कार्डाच्या तळाची एक-दोन वाक्यं. कुणीतरी एकानं प्रत्येक कार्ड खाली पडताना मोठ्यानं सांगायचं, एवढंच. गुलाबी कार्डं मात्र पहिल्या डावाला खोक्यातच ठेवा. ती दुसऱ्याच्या पाळीत चालतात, दोन पाळ्यांमध्ये एकदाच, आणि नवख्या माणसाला आपलं कार्ड कधी चाललं हेच कळत नाही. हे नियमात नाही, माझं आहे. पुतणी म्हणते, असं केल्यानं लोक दुसऱ्याच्या पटाकडं बघायचंच सोडतात. तिचंही बरोबर असेल. तरी मी काढतोच.

बाकी किरकोळ, पण रोज विचारलं जाणारं. अंड्याच्या रंगाला काही अर्थ नाही. कुठलंही अंडं कुणाचंही. हातात कितीही कार्डं, कितीही अन्न चालतं. मांडलेल्या तीन कार्डांतलं एक उचललं की लगेच नवं लावायचं नाही, पाळी संपल्यावर लावायचं. पक्षी बसवताना द्यायचं अंडं कुठल्याही पक्ष्यावरचं चालतं. फासे टाकायचं चारापात्र पुठ्ठ्याचं असतं. जांबोटी-खानापूरच्या पावसात ते दमट होऊन सांध्यात सुटतं. पावसाळ्यात सरळ परातीत टाका, आणि घेतलेले फासे बाहेर ठेवा. परातीतले आणि बाहेरचे मिसळले की भांडण.

आता तक्रार, जी खरी आहे: "शेवटच्या फेरीत सगळे नुसती अंडीच घालतात." घालतात. गवताळ ओळीत चार पक्षी असतील तर पाळीला चार अंडी, अंड्याला एक गुण, पाच पाळ्यांत वीस. त्याच वेळी चौथ्या घरात पाच गुणांचा पक्षी बसवायचा तर दोन अंडी जातात, हातात उरतात तीन, शिवाय अन्न गोळा करायची पाळी वेगळी. गणित अंड्यांच्या बाजूनं आहे, आणि ते कंटाळवाणं आहे हेही कबूल. मी उलट सांगायचो की वीस अंड्यांना जागा लागते, आणि काकांसारखे एक-एक अंड्याचे शिकारी बसवलेत तर ती नसते. ते बरोबरच आहे. पण त्यानं कंटाळा कमी होत नाही. त्यावर लोक एक करतात, उद्दिष्टांच्या पाटीची, म्हणजे दर फेरीअखेर कुणाचं काय जास्त ते बघून गुण देणाऱ्या पाटीची, हिरवी बाजू लावतात. तिच्यावर चौथ्या फेरीत पहिल्याला सात, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन गुण असतात, आणि उद्दिष्ट एखाद्या ओळीतल्या पक्ष्यांचं निघालं तर अंडी सोडून पक्षी बसवावा लागतो. अंड्यांचंच निघालं तर मात्र काही उपाय नाही.

काकांनी नंतर पुन्हा डाव मांडायला लावला. पुतणीनं सांगितलं, दोन ठेवा, स्वस्तातले. त्यांनी चार ठेवले, त्यात एक घुबड. पण त्या वेळी पहिले दोन किड्या-दाण्याचे पक्षी जंगलात बसवले, आणि पुतणीनं घ्यायच्या आधी आत कुठले फासे मागं राहतील ते बघून मगच उचलू लागले. हरले, पण थोडक्यात. घुबड चौथ्या फेरीपर्यंत हातातच राहिलं; शेवटच्या पाळीला अंडी सोडून त्यांनी ते बसवलं. अंडी घातली असती तर एक गुण जास्त आला असता. पुतणीनं तसं मोजून दाखवलं. काका म्हणाले, "असूदे की."