अलॉय मागून बघावं

गिऱ्हाईक अलॉय, म्हणजे गाडीचं मिश्रधातूचं चाक, पसंत करतं ते पुढून. काळं हवं की ग्रे, सहा स्पोक की दहा, मॅट की चकचकीत. आम्ही फिटिंगवाले तेच चाक रबरी मॅटवर पालथं घालतो आणि पाठ वाचतो. व्यास, रुंदी, ऑफसेट, पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), किती किलो पेलेल तो आकडा, असं कामाचं सगळं तिथेच उठवलेलं असतं. पुढची बाजू फोटोपुरती.

त्या दिवशी एक नवरा-बायको मोठी फोर बाय फोर घेऊन आले. छतावर तंबू, पुढे लोखंडी बंपर, मागे ड्रॉवर, फ्रिज आणि पाण्याची टाकी. वाळवंट आणि डोंगर असा लांबचा प्रवास ठरलेला. डिकीत जागाच नव्हती, म्हणून चार कोरी वीस इंची अलॉय मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून आणली होती. “काका, टायर चढवून बसवून द्या फक्त,” नवरा म्हणाला.

मी एक पालथं घातलं, फडक्याने पुसलं. 20 बाय 9, ईटी 0, सहा भोकं, पीसीडी 139.7. पीसीडी जुळत होता. स्पोकच्या मुळाशी मात्र बारीक अक्षरांत होतं, मॅक्स लोड 690 किलो. मी उठून ड्रायव्हरचं दार उघडलं. खांबावरच्या स्टिकरवर मागच्या एक्सलची मर्यादा 1,640 किलो. म्हणजे एका चाकाने निदान 820 पेलायला हवेत. इथे 130 कमी.

“चार चाकं आहेत ना काका,” तो म्हणाला. “690 चोक 2,760. गाडी सव्वादोन टनांची. उलट पाचशे किलो शिल्लक राहतात.”

हा हिशेब मी बऱ्याचदा ऐकलाय आणि ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण गाडी म्हणजे चार सारख्या पायांचं टेबल नव्हे. सव्वादोन टन ही कारखान्यातून निघालेली रिकामी गाडी. त्यावर तंबू, टाकी, फ्रिज, ड्रॉवर, दोन माणसं आणि इंधन चढवलं की आकडा भराभर वाढतो, आणि त्यातला बराचसा भार मागच्या एक्सलवर येतो. चढाला लागलं की वजन आणखी मागे सरकतं. खडकाळ वाटेवर एक चाक हवेत लटकलं की त्याचा वाटा बाकीच्यांवर पडतो, आणि ते खाली आदळतं तेव्हाचा दणका तर वेगळाच. चाकाचा आकडा म्हणून एक्सलच्या मर्यादेच्या निम्म्याशी ताडायचा, गाडीच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाशी नाही.

तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. “यावर जेडब्ल्यूएलचा शिक्का आहे,” म्हणाला. होता, तोही पाठीवरच. हे हलक्या मिश्रधातूच्या चाकांचं जपानी मानक. शिक्का खरा असला तरी त्याचा अर्थ एवढाच, की हे चाक त्याच्यावर लिहिलेल्या भाराला पुरं पडतं. लिहिलेला भारच अपुरा असेल तर शिक्का काय करणार?

बायको इतका वेळ फळ्याजवळ उभी होती. तिने विचारलं, “आणि हे ईटी शून्य म्हणजे?”

हा प्रश्न मला आवडतो. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा कल्पायची. हबला, म्हणजे गाडीकडच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणारा भाग त्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला जितके मिलिमीटर, तितका ऑफसेट. तोच ईटी. त्यांची मूळ चाकं 18 बाय 7.5, ईटी 30. नवीन ईटी 0, म्हणजे चाक 30 मिलिमीटर बाहेर. शिवाय रुंदी दीड इंचाने जास्त, त्यातली निम्मी बाहेरच्या अंगाला, म्हणजे 19. एकूण 49. मी मडगार्डच्या कडेला पट्टी टेकवून 49 वर बोट ठेवलं. तेवढं चाक दोन्ही बाजूंना बाहेर आलं असतं. गाडी अगदी रुबाबदार दिसते, हे मीही नाकारत नाही. पण मग स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मोठा घेर घेतं आणि आतल्या लायनरला घासतं, बेअरिंगवर ताण वाढतो, दगडाला चाक लागलं की झटका थेट हातात येतो. दारांवर चिखल उडतो तो निराळाच.

उरला व्यास. वीस इंचीवर 265/50 टायर (265 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची त्याच्या 50 टक्के) घातलं तर बाहेरची एकूण उंची जवळजवळ मुळाएवढीच, 773 मिलिमीटर. फरक पडतो तो साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या रबरी भिंतीत. वीस इंचीत ती साधारण 132 मिलिमीटर, मूळ 18 इंचीत 159, सतरा इंचीत 265/65 घातलं तर 172. वाळूत हवा 35 वरून 18-20 पीएसआयपर्यंत उतरवतात. तेव्हा टायर खाली पसरतं आणि पकड मिळते ती या रबराच्या उंचीतून. ती कमी असेल तर पसरायला वाव राहत नाही आणि खडकाचा पहिला फटका रिमच्या कडेला बसतो. लोखंडी रिम वाकते, ठोकून वेळ मारून नेता येते. अलॉयला तडा जातो.

“मग सोळा इंचीच घालू या,” आता बायकोच म्हणाली. साइडवॉल आणखी उंच, म्हणजे आणखी चांगलं. तर्क बरोबर होता, पण मध्ये ब्रेक येतात. दुकानातली मोकळी सोळा इंची रिम आणून पुढच्या हबवर चढवून दाखवली. हबपर्यंत पोचलीच नाही, कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या ठोकळ्यावर, टक्कन थांबली.

मग सतरा. दोन वेगवेगळ्या डिझाइनच्या रिम घेतल्या. मुलं खेळतात त्या मऊ मातीचा गोळा कॅलिपरच्या सर्वांत फुगीर जागी चिकटवला, रिम लावून दोन नट आवळले, हाताने एक फेरा सावकाश फिरवली आणि काढली. पहिल्या रिमने माती जवळजवळ खरवडून नेली होती, कॅलिपरचा रंग दिसत होता. दुसरीने पाच मिलिमीटरचा थर ठेवला. दोन्ही सतरा इंचीच, पण स्पोकचं वळण वेगळं. हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये दिसत नाही. पाच मिलिमीटर म्हणजे ऐसपैस नव्हे. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनंच तीन-चार मिलिमीटर जाड असतात. ती कॅलिपरसमोर आली तर निघून पडतील, म्हणून पुढे बॅलन्सिंग करताना ती आतल्या कडेला घेतली.

ती दुसरी रिम 17 बाय 8, ईटी 25, पाठीवर 1,050 किलो. मूळ चाकापेक्षा अकरा-बारा मिलिमीटर बाहेर, बस्स. ओतीव होती, फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेली नव्हती. फोर्ज्ड असती तर तितक्याच ताकदीला हलकी पडली असती, पण त्या कामाला ओतीव पुरेशी होती. “दिसायला साधी आहे,” नवरा म्हणाला. मी काही बोललो नाही.

त्याचा उतरलेला चेहरा नटांचा विषय निघाला तेव्हा जरा खुलला. मूळ अलॉयचे नट वॉशरवाले, सपाट बसणारे. नव्या रिमची खाच कोनी, 60 अंशांची. मी एका खाचेत मार्करने काळं फासलं, जुना नट हाताने आवळून काढला. काळं फक्त एका बारीक कडेवर पुसलं गेलं होतं. मग कोनी नट लावून काढला, तर सगळ्या उतारावर सारखा पट्टा पुसलेला. त्याने स्वतः पुन्हा एकदा करून पाहिलं आणि फोटोही काढला. रिमचं मधलं भोक हबपेक्षा चारएक मिलिमीटर मोठं होतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची रिंग घातली. कोनी नट असले की रिंग लागत नाही असं बरेच जण सांगतात. पण चिखलात एकट्याने जड चाक मध्यावर धरून नट सुरू करून बघा, मग बोलू.

नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळले. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावलं, कारण खाचेतला नवा रंग दबतो आणि नट ढिले पडू शकतात. गाडी जॅकवरून उतरवून एका चाकाखाली रॅम्प दिला आणि स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवलं. कुठे घासत नव्हतं.

एवढं होऊन मी हात धुवायला गेलो, तर बायको मागे वाकून खाली बघत होती. “काका, स्टेपनी तर जुनीच आहे.”

तिचं बरोबर होतं. आणलेली चाकं चारच होती, आणि आता बसवलेलीही चारच. तिथे मूळ 18 इंची अलॉय लटकत होतं. टायरची उंची ठीक होती, 265/60 म्हणजे 775 मिलिमीटर आणि नव्याची 776, त्यामुळे फोर बाय फोरच्या गिअरांना त्रास नव्हता. पण त्या चाकाला गाडीवरचे नवे कोनी नट चालणार नव्हते. पाचवी रिम त्या डिझाइनची शिल्लक नव्हती. मागवली, पण ती निघण्याआधी येईल असा शब्द मी दिला नाही. सहा जुने नट वेचून जाड कापडी पिशवीत घातले आणि पिशवी जॅकच्या दांड्याला बांधली.

नवरा म्हणाला, लक्षात ठेवतो. बायकोला एवढ्यावर भागलं नाही. तिने मागचं डावं चाक पुन्हा जॅकवर घ्यायला लावलं, स्वतः स्टेपनी खाली घेतली, नवं चाक उतरवलं, पिशवीतले नट काढले. नवऱ्याने पाना पुढे केला.

“पाना मग,” ती म्हणाली. “आधी सगळे हाताने बसू देत.”