तुम्ही विचारलेत म्हणून : गाडी न पाहता मी दोष का सांगत नाही

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाच्या जेवणात किंवा रात्री साडेअकराला येणाऱ्या फोनवर, प्रश्न एकच असतो. समोरचा मोबाइल पुढे करतो, त्यातून वाऱ्याच्या घोंघाटात मध्येच एक ‘ठक्’ ऐकू येते आणि तो म्हणतो, “दादा, तुमच्याकडे हीच गाडी इतकी वर्षं आहे. डिफरन्शियल की जॉइंट, एवढंच सांगा ना.” मी सांगत नाही. मी भाव खातो, असे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री आणि लेस्टरच्या मराठी घरांत बोलले जाते, हेही माझ्या कानावर आले आहे. हे ऐकून मला वाईट वाटते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांकडे माझ्यासारखीच दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी स्पोर्ट्स गाडी आहे, त्यामुळे गाडीची ओळख करून देत नाही. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हापासून तिच्या पोटाखाली गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरचा डबा) एका लांब अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीने एकमेकांना जखडलेले आहेत. या चौकटीला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. पायाखालचे पेडल दाबताच गाडी जी तत्परतेने उचल खाते, त्यात या चौकटीचा मोठा वाटा आहे. परंतु अ‍ॅल्युमिनियममधून आवाज हवेच्या दहापटींहून अधिक वेगाने धावतो, आणि वाटेत फारसा विरत नाही, म्हणून एका टोकाला झालेला ठोका दुसऱ्या टोकाला, म्हणजे नेमका तुमच्या पाठीमागे, तितकाच ठळक ऐकू येऊ शकतो. “आवाज मागून येतो” हे तुमचे वाक्य प्रामाणिक असते, पण त्यावरून आवाज कुठे ऐकू येतो एवढेच मला कळते.

त्यात ‘ठक्’ हा आवाज कोणा एकाचा नसतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन चाकांना ओढण्याऐवजी चाके इंजिनाला ओढू लागतात, आणि गिअरच्या दात्यांपासून शाफ्टच्या स्प्लाइन (खाचा), क्रॉस (शाफ्टचा सांधा), डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन आणि चाकाच्या हबपर्यंत (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) जिथे म्हणून थोडा प्ले, म्हणजे मोकळीक, आहे, तिथला प्रत्येक भाग एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतो. नव्या गाडीतही हा प्ले असतोच, कारण तेलाला जागा लागते. भागांना धरून ठेवणारी रबरी बुश थकली की हाच आपटण्याचा आवाज वाढतो. बोल्ट ढिला झाला, क्रॉस झिजला किंवा नट सुटला, तरी आवाज असाच वाढतो. आणि हे सगळे तुम्ही मला अशा यंत्रातून ऐकवता, जे माणसाचे बोलणे पोहोचवण्यासाठी घडवलेले आहे. साध्या टेलिफोनमधून जाणाऱ्या आवाजाचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झचा असतो. त्याखालचा जो जड धक्का बसल्या जागी पाठीला कळतो, तो बहुतेक माझ्यापर्यंत पोहोचतच नाही.

इतके दिवस मी लोकांना एवढेच सांगत आलो. हे सगळे खरे आहे, पण माझ्या नकाराचे कारण ते नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात लेस्टरहून एका मुलाचा फोन आला. तो नर्स होता, रात्रपाळी करायचा, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेली त्याची ती पहिलीच गाडी होती. दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून पुन्हा ठेवला की ठक्, उतारावरून मागे घेताना ठक्. त्याने बारा सेकंदांचे रेकॉर्डिंग पाठवले. मी ते दोनदा ऐकले आणि सांगून टाकले, “डिफरन्शियलच्या बुश गेल्या आहेत. त्या बदल, दुसरीकडे बघू नकोस.” त्याआधी पाहिलेल्या तिन्ही गाड्यांत बुशच गेलेल्या निघाल्या होत्या. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनियर आहे, आणि तो मुलगा मला दादा म्हणत होता.

डिसेंबरात त्याने जवळजवळ चारशे पौंड घालून बुश बदलल्या. संक्रांतीला मंडळात त्याने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “आवाज गेला, दादा.” त्या संध्याकाळी मी तीन-चार जणांना ही हकीकत अभिमानाने सांगितली.

फेब्रुवारीत आवाज परत आला. त्याने मला कळवले नाही. नंतर विचारले तेव्हा म्हणाला, “तुम्ही सांगितलेलं केलं होतं, मग पुन्हा विचारायचं म्हणजे तुमच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं.” पाच आठवडे तो ती गाडी एम१ मोटरवेवरून रात्री-अपरात्री चालवत राहिला. मार्चमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत डावे मागचे चाक हलते म्हणून गाडी नापास झाली, तेव्हा कुठे त्याचा फोन आला. मी त्याच संध्याकाळी गेलो.

त्याच्या घरासमोर, गाडी जॅकवर घेण्याआधी, मी त्या चाकाच्या मधली प्लास्टिकची टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. आत हबला शाफ्टवर जखडणारा २९ मिलिमीटरचा नट असतो. तो दोनशे न्यूटन-मीटरहून अधिक ताकदीने आवळायचा आणि मग त्याची पातळ कड छिन्नीने शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवायची, म्हणजे तो आपोआप फिरत नाही. हा नट नवा होता. त्याची कड अखंड गोल आणि चकचकीत होती, तिला छिन्नी लागलेलीच नव्हती. नटाभोवती, स्प्लाइनच्या तोंडाशी, गेरूसारखी तांबडी भुकटी साचली होती. लोखंडावर लोखंड बारीक बारीक घासत राहिले की ती तयार होते. मी नटाला दोन बोटे लावली. तो फिरला. हब, चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट आणि बेअरिंग, तिन्ही भंगारात गेले, कारण तो नट बेअरिंगलाही दाबून धरत असतो.

त्या मुलाने विचारले, “म्हणजे चाक निघून आलं असतं का?” मी “सांगता येत नाही” असे म्हणालो. तेवढे तरी मी न पाहता सांगितले नाही.

त्याच्याकडून पुढे कळले की माझ्याशी बोलण्याच्या चार महिने आधी एका गॅरेजमध्ये त्याच चाकाचे बेअरिंग बदलले होते. नटाची कड ठोकायचे काम त्या गॅरेजचे होते, माझे नव्हते. फोनवर फुकट दिलेल्या सल्ल्याला मी बांधील नव्हतो, आणि लक्षणे बुशच्या दोषाशी तंतोतंत जुळत होती, हेही खरे. नव्या बुश बसल्यावर मागचा भाग घट्ट झाला आणि काही आठवडे आवाज दबला, त्यामुळे माझे निदान बरोबर ठरल्यासारखे दिसले. हे सगळे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिले आहे.

पण मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. “या गाडीच्या मागच्या बाजूला शेवटचं काम कधी आणि कुठलं झालं?” एवढे विचारले असते तर बेअरिंगचे नाव निघाले असते. “चाकाची टोपी काढून फोटो पाठव” म्हटले असते तर दोन मिनिटांत नटाची ती कोरी कड दिसली असती. मी विचारले नाही, कारण उत्तर माझ्याकडे आधीच तयार होते आणि ते झटकन देण्यात मला आनंद होता. त्या वेळचा मी आजही मध्येच डोके वर काढून म्हणतो की, अनुभव म्हणजे हेच ना, पूर्वी पाहिलेले पटकन ओळखणे. त्याला मी म्हणतो की तीन गाड्या पाहणे हा अनुभव नव्हे. यावर तो विचारतो, मग किती गाड्या? त्या आकड्याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

त्यानंतर मी सांगणेच बंद केले, आणि तेही निर्दोष नव्हते. २०२१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एका ताईंनी अगदी हाच प्रश्न विचारला. मी म्हणालो, “पाहिल्याशिवाय काही सांगणार नाही, चांगल्या गॅरेजमध्ये न्या.” त्यांनी नेली. तिथे आधी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) बदलला आणि मग डिफरन्शियल, आणि शेवटी दोष निघाला तो वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या मागच्या अँटी-रोल बारच्या लहानशा लिंकमध्ये, जी घरच्या घरी बदलता येते. त्यांचा आवाज उतारावर नव्हे, तर एकच चाक खड्ड्यात गेल्यावर येत होता. म्हणजे दोष शक्तीच्या वाटेवर नसून सस्पेन्शनमध्ये असण्याची शक्यता मोठी होती. ते मी विचारून सांगू शकलो असतो. त्या रागावल्या नाहीत. “तुम्ही एवढं तरी बोलायचं होतं,” इतकेच म्हणाल्या. त्या वाक्याने मला त्या नटाइतकाच त्रास दिला.

म्हणून आता मी नाव घेत नाही, पण प्रश्न विचारतो, आणि त्यामुळेच बहुधा मी टाळाटाळ करतो असे तुम्हाला वाटते. आवाज एकदाच येतो की चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढत जातो? प्रोपेलर शाफ्ट चाकांच्या सुमारे चारपट वेगाने फिरतो, त्यामुळे ठोक्यांच्या लयीवरून आवाज शाफ्टचा की चाकाचा याचा अंदाज येतो. पाय काढताना येतो की खड्ड्यात? गाडी थंड असताना की तापल्यावर? शेवटचा पाना कुणी आणि कशाला लावला? क्लच बदलताना पॉवर प्लांट फ्रेम उतरवली होती का, आणि तिचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळले की अंदाजाने? आणि सगळ्यांत आधी, चाकाच्या टोप्या काढून चारही नटांचे फोटो पाठवा. ते नीट दिसेपर्यंत गाडी मोटरवेवर नेऊ नका. तासाभराच्या अंतरावर राहत असाल तर मी स्वतः येईन. त्यासाठी चहासुद्धा नको, फक्त दिवसाउजेडी बोलवा.

तो मुलगा आता डर्बीला असतो. गाडी त्याने विकली, पण माझ्याशी बोलणे सोडले नाही. मागच्या वर्षी त्याने एका मित्राला माझा नंबर दिला आणि सांगितले, “दादा लगेच सांगत नाहीत, पण विचार.” हे माझ्यावरचा विश्वास म्हणून सांगितले की त्या मित्राला सावध करण्यासाठी, हे मी विचारले नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीत थंडीच्या सकाळी पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना एक हलकी ठक् येते. चारही नटांवर आणि शाफ्टवर मी पिवळ्या रंगाची एकेक सलग रेघ ओढून ठेवली आहे, आणि दर महिन्याला टोप्या काढून पाहतो. रेघा जागच्या जागी आहेत, बुश नव्या आहेत, क्रॉसमध्ये हाताला प्ले लागत नाही. आवाज आहेच.