रॅलीचं अखंड लाइव्ह: बघायचं किती, सोडायचं किती

डब्ल्यूआरसी म्हणजे मोटार रॅलीची जागतिक स्पर्धा. तिची प्रत्येक स्टेज, म्हणजे बंद रस्त्यावर घड्याळ लावून पळवायचा प्रत्येक टप्पा, थेट दाखवायला सुरुवात झाली २०१८ मध्ये. त्याआधी पॉवर स्टेज, म्हणजे रॅलीची शेवटची, जादा गुणांची स्टेज, आणि अधलीमधली एखादी स्टेज लाइव्ह मिळायची, बाकी सगळं हायलाइट्सवर भागवायचं. आता रॅली डॉट टीव्ही या स्ट्रीमिंग सेवेचे पैसे भरले की रविवारपर्यंत पडदा चालूच. तरी सोलापुरातल्या गाडीवेड्या मंडळींची तक्रार ठरलेली: "अर्धा तास झाला, नुसती झाडंच दिसायलीत की ओ, पुढं कोण ते कळंना!"

तक्रार खरी आहे. रॅलीत शर्यत घड्याळाशी असते. घड्याळ सोबत नसेल तर ते लाइव्ह म्हणजे रानातून गाड्या जाताना बघणं.

हिशेब करून बघा. स्टेज १५ ते २० किलोमीटरची, वेगवान गाडीला आठ-दहा मिनिटं लागतात. वरच्या गटातल्या, म्हणजे रॅली-वनच्या गाड्या बहुधा तीन-तीन मिनिटांनी सोडतात. म्हणजे एका वेळी तीन-चार गाड्या रस्त्यावर असतात आणि दिग्दर्शक एकीच्या कॅमेऱ्यावरून दुसरीवर उड्या मारतो. एकाच वळणावर दहाही गाड्या तुम्हाला दिसणार नाहीत. दहा गाड्या आटोपायला पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ जातो. मग त्याच गाड्या साध्या रस्त्याने, वाहतुकीचे नियम पाळत पुढच्या स्टेजकडे निघतात. त्या वेळात मुलाखती, रिप्ले आणि गप्पा. जेवण तेव्हा उरकून घ्यावं.

बघताना मोबाइलवर लाइव्ह टायमिंगचं पान उघडं ठेवा. प्रत्येक स्टेजवर मधे काही ठिकाणी स्प्लिट, म्हणजे तिथवरची वेळ, घेतात आणि खरी गोष्ट त्या आकड्यांत असते. समजा, एक गाडी सगळ्यात वेगवान गाडीपेक्षा पहिल्या स्प्लिटला ०.८ सेकंदाने मागे आहे, दुसऱ्याला १.१ ने आणि तिसऱ्याला थेट १४ ने. चौथ्यालाही १४ च राहिली, तर गाडी फिरली किंवा वळण चुकलं, आणि आता ठीक आहे. चौथ्याला २५ झाले, तर टायर गेलाय किंवा सस्पेन्शन. अंतर वाढत राहिलं की बिघाड, एकदाच वाढून थांबलं की चूक. एकदम दोनेक मिनिटं गेली, तर ड्रायव्हर आणि सहचालक दोघांनी खाली उतरून चाक बदललं असं धरून चाला. स्टेज थोडीच उरली असेल तर सहसा बदलत नाहीत, तशीच रेटतात. एक मात्र आहे: टायमिंगचं पान चित्राच्या पुढे धावतं, त्यामुळे निकाल आधी कळतो. ज्यांना ते सोसत नाही त्यांनी पडद्यावरच्या स्प्लिटवरच भागवावं.

या लाइव्हमधली सगळ्यात मोलाची गोष्ट कमीच लोक वापरतात: एकेका गाडीचा स्वतंत्र ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्र. मातीच्या रॅलीत शुक्रवारी गुणतक्त्यात पहिला असलेला सगळ्यात आधी निघतो आणि सुट्टी खडी झाडत जातो. मागच्यांना घट्ट रस्ता मिळतो. पहिल्याचा आणि सातव्याचा ऑनबोर्ड एकाच वळणावर लावून बघा: पहिल्याचं स्टिअरिंग सारखं दुरुस्त होत असतं, सातव्याचं एकदा वळून स्थिर. दुपारी तीच स्टेज पुन्हा होते तेव्हा चित्र उलटं. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातली पांदण पावसात चार ट्रॅक्टर गेल्यावर कशी होते, तशी खोल चाकोरी पडलेली असते, तळाचे दगड वर आलेले असतात. टायर बहुतेक तेव्हाच फुटतात. म्हणून एकच फेरी बघायची असेल तर सकाळची सोडून दुपारची बघावी.

"मग फक्त पॉवर स्टेजच बघतो की," असं म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं. २०२२ च्या मॉन्टे कार्लोत ड्रायव्हर ओजिएचा टायर शेवटून दुसऱ्या स्टेजवर गेला आणि ४७ वर्षांच्या लोबने १०.५ सेकंदांनी रॅली मारली. २०२४ च्या फिनलंडमध्ये आघाडीवरचा रोवानपेरा शेवटून दुसऱ्या स्टेजवरच दगडाला धडकून बाहेर पडला. पॉवर स्टेजला टीव्ही लावणाऱ्याला दोन्हीकडे नुसती बातमी मिळाली. उलट २०२४ च्या सार्डिनियात ओजिएचा टायर शेवटच्याच स्टेजवर गेला आणि टॅनकने ०.२ सेकंदाने जिंकलं. तेव्हा रविवार पहिल्या स्टेजपासून बघायचा, त्यात तडजोड नाही.

सोडायचं काय? स्टेडियममधली किंवा शहरातली छोटी स्टेज, म्हणजे सुपर स्पेशल, बिनधास्त सोडा. दोन-तीन किलोमीटरमध्ये फारसं काही घडत नाही, दिसतं मात्र छान. सर्व्हिस पार्कमधल्या, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या तळावरच्या, गप्पाही सोडा, पण गाडी ठोकलेली असेल तर बघाच. मेकॅनिक लोक ठरलेल्या मिनिटांत अख्खं मागचं सस्पेन्शन कसं बदलतात ते पाहण्यासारखं असतं, कारण चेकपॉइंटला उशीर झाला की मिनिटाला दहा सेकंद दंड.

वेळेच्या बाबतीत आपण नशीबवान. केनिया आणि उन्हाळ्यातलं फिनलंड आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे तिकडे सकाळचे आठ ते इथे साडेदहा. मॉन्टेची संध्याकाळी सहाची स्टेज इथे रात्री साडेदहाला. जपान तेवढं अवघड: तिथले सात म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. ते रेकॉर्डिंगच बरं, फक्त उठल्याउठल्या ग्रुप उघडू नका.

डेटाचं गणित आधी करा. ३ एमबीपीएसने चित्र आलं तर तासाला साधारण १.३५ जीबी जातो, म्हणजे रोजचा २ जीबीचा पॅक दीड तासात संपला. ब्रॉडबँड नसेल तर दिवसभराचं लाइव्ह विसरा, दर्जा उतरवून रविवारच तेवढा बघा. वर्षाचे पैसेही लगेच भरू नका. एक महिना घ्या, मातीची एक आणि डांबरी एक रॅली बघा, मग ठरवा. आणि पोर्तुगालची रॅली मे महिन्यात येते. आपल्याकडे तेव्हा दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून टीव्हीसोबत राउटरची पिनही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊन ठेवा.