गाव सापडलं, आता हात कुणाचा?

थून! कुणी काढलं ते ठाऊक नसलेल्या आपल्या त्या जुन्या जलरंगचित्रातलं गाव अखेर ओळखता आलं. चित्राभोवतीच्या जुन्या पुठ्ठ्यावर (माउंटवर) कुणीतरी पेन्सिलीने 'कोमो सरोवर, इंग्रज शैली' असं लिहून ठेवलंय, पण हे गाव इटलीतलं नाहीच. आरे नदी सरोवरातून बाहेर पडते तिथलं, बर्नजवळचं थून आहे हे. ज्या चौकोनी किल्ल्यापाशी आपण मागच्या वेळी अडलो होतो त्याचं ते अवाढव्य उतरतं छप्पर, चार कोपऱ्यांचे चार बुरुज, डावीकडे अष्टकोनी मनोऱ्याचं चर्च, सगळं जुळतंय. तरी तेवढ्यावर मी गावाचं नाव घेतलं नसतं. खात्री पटली ती डोंगरामुळे.

डोंगर कागदावर होता, पण दिसत नव्हता. आकाशातला इंडिगो, म्हणजे निळीचा रंग, उडून गेलाय आणि खालची गुलाबीसर झाक तेवढी उरली आहे. त्या काळच्या जलरंगांचं हे नेहमीचंच दुखणं. फोटोतला फक्त लाल रंगाचा थर (लाल चॅनल) वेगळा काढून कॉन्ट्रास्ट ताणला, आणि उजव्या बाजूला खळ्यावर धान्याची रास ओतावी तसा सरळ त्रिकोण वर आला. थूनच्या दक्षिणेचा निसेन डोंगर, उंची २३६२ मीटर! निसेन दिसतोय म्हणजे चित्रकार गावाच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. स्विसटोपोच्या, म्हणजे स्विस सरकारी मोजणी खात्याच्या, नकाशावर रेषा मारून पाहिल्या. चर्च, किल्ला, शिखर, तिन्हींचा क्रम बरोबर बसतो. त्या रात्री फार आनंदात झोपलो.

काळाचं थोडक्यात. चर्चचा मनोरा मध्ययुगीन, पण त्याला लागून असलेली मुख्य इमारत १७३८ सालची आणि चित्रात तीच आहे, म्हणजे चित्र त्यानंतरचं. कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणाऱ्या वॉटरमार्कमधली मुकुटाखालची लिली कामाची नाही. ती खूण युरोपभर इतक्या कागद-गिरण्यांनी उचलली की तिच्यावरून काहीच ठरत नाही.

आता खरा घोळ. चित्रकार कोण असेल याच्या आपल्या यादीत दोन इंग्रज नावं उरली होती. विल्यम पार्स १७७० साली लॉर्ड पामर्स्टनबरोबर स्वित्झर्लंडात होता. फ्रान्सिस टाउन १७८१ साली जॉन 'वॉरिक' स्मिथबरोबर इटलीहून परतताना तिथून गेला. टाउन तर कागदाच्या मागे जागा, तारीख, क्रमांक, कधी कधी ऊन कुठून येतंय तेही लिहायचा, आणि आपल्या कागदाची पाठ कोरी. पण मला अडवलं ते पाठीने नव्हे, रेषेने.

किल्ल्याच्या छपराची डावी कड दहापट भिंगाखाली बघा. रेषेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी आणि टोक बोथट. टॉर्च कागदालगत आडवा धरला की शाई किंचित उठून दिसते. बोरूची किंवा पिसाची रेषा अशी नसते. ती दाबाबरोबर फुगते, निमुळती होते, थांबते तिथे शाई साचते. आणि नेमकी तशी रेषा खालच्या होडीत आणि नावाड्यांच्या अंगावर आहे! एकाच कागदावर दोन जातींच्या रेषा.

इन्फ्रारेड फोटोत होडीची रेषा फिकी पडली, म्हणजे ती बहुधा लोहाची शाई. किल्ला मात्र काळाकुट्ट राहिला. पण काळी राहणारी कार्बनची शाई छपाईत असते तशी चित्रकाराच्या दौतीतही असते, त्यामुळे एकट्या इन्फ्रारेडवर निकाल देता येत नाही. माझा कौल आडव्या उजेडातल्या त्या उठावाला: किल्ला आणि गाव तांब्याच्या प्लेटवरून छापलंय, रंग आणि माणसं हाताने भरली आहेत.

तसं असेल तर नाव समोरच आहे: योहान लुडविग आबेर्ली, १७२३ ते १७८६, बर्न. हलकी एचिंग केलेली (तांब्याच्या प्लेटवर आम्लाने कोरून छापलेली) बाह्यरेषा आणि वर हाताने जलरंग, ही त्याचीच पद्धत; त्याच्यामागे हाइनरिख रीटरने ती पुढे चालवली. मग 'चित्रकार कोण' हा प्रश्नच बदलतो. शोधायची ती प्लेट. रंग भरणारा कारागीर कदाचित कधीच कळणार नाही, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण पाण्यातलं किल्ल्याचं प्रतिबिंब त्याने फार मनापासून रंगवलंय.

प्लेटच्या कडेची दाबखूण सापडत नाही, कागद चित्रापर्यंत कापलाय. त्यात आधीच्या कुणीतरी चारही कडांना चिकटपट्टी लावून ठेवली आहे. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. ती कागद-संवर्धकच काढेल, मी हात लावणार नाही.

हत्यारांबद्दल: यूएसबी मायक्रोस्कोपचे गोल दिवे बंदच ठेवा, सगळा उठाव सपाट करून टाकतात. यूव्ही टॉर्च ३६५ नॅनोमीटरचाच घ्या. ३९५चा जांभळा उजेड बाकी सगळं झाकून टाकतो.

ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातली टाउनची चित्रं पुन्हा चाळायची असं ठरलं होतं, ते आता मागे. आधी स्विस राष्ट्रीय ग्रंथालयातला गुगेलमान संग्रह, म्हणजे जुन्या स्विस छापचित्रांचा आणि चित्रांचा साठा. विकिमीडिया कॉमन्सवर त्यातल्या चित्रांचे मोठे फोटो फुकट मिळतात. त्याच प्लेटचा वाटावा असा थूनचा दुसरा छाप मिळाला की दोन्ही एकावर एक ठेवून रेषा जुळवायच्या.

हे लिहितानाच सुचलं: छपाईच्या वेळी कागद ओला असतो आणि वाळताना एका दिशेला जास्त आखडतो. म्हणजे एकाच प्लेटचे दोन छाप सरळ ठेवले तर जुळणारच नाहीत. रुंदी आणि उंची वेगवेगळी ताणून बघायला हवी. त्यानंतरही हाताने काढलेली होडी जुळली नाही आणि छापलेला किल्ला जुळला, तर निकाल लागला समजा.

कुणाकडे आबेर्लीचं किंवा रीटरचं थून असेल तर किल्ल्याच्या छपराच्या डाव्या कडेचा फोटो पाठवा. उजेड आडवा हवा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.